उसवा, पण काखेपर्यंतच

सावनेरची थंडी मुक्कामाला येते ती जेमतेम अडीच महिने. दिवाळी सरली की सकाळी कोलार नदीवर धुकं दिसायला लागतं आणि संक्रांतीनंतर पंधरवडा गेला की ती परतीच्या वाटेला लागते. मधल्या काळात मात्र सातपुड्याकडून येणारा वारा हाडापर्यंत जातो. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता. सावनेर तर नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याच्या रस्त्यावर, कापूस-संत्र्याच्या मोकळ्या शिवारात. आणि याच दिवसांत दुपारचं ऊन 28 अंशांपर्यंत चढतं. सकाळी गळ्यापर्यंत बटणं लावायची, दुपारी सगळी सोडायची, अशी ही हवा. म्हणून डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा आमच्याकडे समोरून उघडणारा बटणांचा स्वेटर, म्हणजे कार्डिगन, जास्त कामाचा.

माझ्याकडचा कार्डिगन मोठ्या आत्याने विणलेला आहे. गर्द हिरवा, सुलट विणीचा, खाली आणि मनगटाला सुलट-उलटची पट्टी. वीण इतकी सारखी की उजेडात धरली तर एक टाका मागेपुढे दिसत नाही. पण खांदे ऐसपैस ठेवायच्या त्या वेळच्या पद्धतीने तिने पाठ वरती चांगली 17 इंच ठेवली होती, आणि माझे खांदे 14 इंचांचे. शिवण दंडावर उतरायची, बाह्या बोटांवर यायच्या. वर्षानुवर्षं तो पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होता. शिंप्याकडे टाकून आत घे, असं काहींनी सांगितलं. सगळा उसव आणि नव्याने विण, असं इतरांनी. दोन्ही सल्ले चुकीचे होते, आणि का चुकीचे ते समजलं की हाताने विणलेल्या कुठल्याही कपड्याचं माप दुरुस्त करता येतं.

शिंपी कापड कापतो. विणलेला स्वेटर हे कापड नव्हे, तो एक लांब धागा आहे. प्रत्येक टाका खालच्या ओळीतल्या टाक्यातून वर काढलेला फासा असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतो तो त्याच्या वरचा टाका. म्हणून शेवटची ओळ बंद केलेली असते. ती सोडली की वरची ओळ सुटते, मग तिच्या खालची, अशी वीण सरसर उतरत येते. कात्रीने मधेच कापून दुमडलं तर कडेचे टाके सुटत जातात आणि आत जाड वळी राहते ती वेगळीच. शिंप्याचा सल्ला म्हणून बाद.

दुसऱ्या सल्ल्याचं उत्तरही याच रचनेत आहे. आपल्याकडचे स्वेटर बहुधा खालून वर विणलेले असतात: आधी कमरेची पट्टी, मग अंग, मग मुंढा, शेवटी खांदा. उसवताना वाट उलटी, खांद्याकडून खाली. माझा दोष खांद्यात होता. म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंत उसवलं की काम भागतं, काखेखालचं आत्याच्या हातचं सगळं विणकाम जसंच्या तसं राहू शकतं. जे बरोबर आहे ते कशाला मोडायचं?

तेव्हा पहिलं काम सुया हातात घेण्याचं नाही, स्वेटर वाचण्याचं आहे. तो अंगात घालावा, सगळी बटणं लावावीत आणि आरशासमोर सरळ उभं राहावं. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आहे का, हे सगळ्यात आधी पाहावं, कारण बाकीचे निम्मे दोष तिथूनच येतात. बाही लांब वाटते ती बरेचदा खांदा खाली ओघळल्यामुळे. टाचण्या लावून खांदा जागेवर आणा आणि मग पुन्हा बाही पाहा. माझी बाही चार इंच लांब दिसत होती, खांदा वर घेतल्यावर ती फक्त दोन इंच जास्त निघाली.

बटणांच्या मधल्या फटी उघडत असतील तर छातीचा घेर कमी पडतो आहे. यावर सगळे बटणपट्टी रुंद करायला सांगतात, आणि एखादा इंच हवा असेल तर ते ठीक आहे. पण हिशेब नीट करा. पट्ट्या एकमेकींवर बसतात, त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकेक इंच वाढवल्या तरी घेर दोन इंच वाढत नाही, एकच वाढतो. जास्त हवा असेल तर काखेखालची शिवण उसवून दोन्ही बाजूंना विणलेली लांब पट्टी घालावी, कुर्त्याला कळी घालतात तशी. अंग फार सैल असेल, म्हणजे पाच-सहा इंचांनी, तर मात्र पूर्ण उसवण्याला पर्याय नाही.

उंचीचा दोष सगळ्यात सोपा. कमरेच्या पट्टीच्या वर एक टाका कापायचा, त्या ओळीचा धागा दोन्ही बाजूंना हळूहळू ओढून काढायचा. स्वेटरचे दोन तुकडे होतात, आणि पहिल्यांदा करताना पोटात गोळा येतो हे खरं. पण वरच्या तुकड्याचे मोकळे टाके सुईवर घेतले की खालच्या दिशेने हवं तितकं विणता येतं. उलट्या दिशेने विणल्यावर टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या सुलट विणीत ते दिसत नाही, सुलट-उलटच्या उभ्या रेघांत मात्र लगेच दिसतं. म्हणून जोड नेहमी साध्या विणीत आणावा आणि पट्टी शेवटपर्यंत नवीच विणावी.

उसवण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. पहिली, तो उसवण्यासारखा आहे का. आतल्या शिवणी उलटून बघा. कडेला मशीनची दाट ओव्हरलॉक शिलाई असेल तर भाग आकारात विणलेले नसून विणलेल्या थानातून कापलेले आहेत. असा स्वेटर उसवला तर हाती एकेका ओळीचे तुकडे येतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं विदर्भात सगळ्यांच्या ओळखीची आहेत. तिथला माल बहुतेक लुधियानाच्या मशिनींवरचा असतो. तो उबदार असतो, पण उसवून पुन्हा विणायचा नसतो. हाताने विणलेल्याची कड साखळीसारखी असते, आणि शिवण साध्या सुईने त्याच लोकरीने घातलेली असते.

दुसरी गोष्ट, धागा कशाचा आहे. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण दुकानातल्या बऱ्याच लडी ॲक्रिलिकच्या असतात. शिवणीतला बोटभर धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं यांनी ते एकमेकांत अडकतात आणि कपडा घट्ट नमद्यासारखा होतो. असा नमदा झालेला स्वेटर उसवत नाही, त्याचा नाद सोडावा. ॲक्रिलिकचं संकट वेगळं: वाफेची इस्त्री लागली की त्याची उसळी कायमची जाते, ते मऊ आणि लोंबतं होतं. माझा कार्डिगन ॲक्रिलिकचा निघाला. मला किंचित वाईट वाटलं, आणि मग लक्षात आलं की म्हणूनच इतक्या वर्षांत त्याला कसर लागली नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. हे दिवसाच करावं, अंगणात किंवा गच्चीवर उन्हात बसून. गर्द रंगाचा टाका दिव्याखाली दिसत नाही आणि नको तो धागा कापला जातो. आधी बटणं काढून डबीत. मग बटणपट्टी आणि गळपट्टी, कारण त्या सगळ्यात शेवटी विणलेल्या असतात. मग बाह्यांची शिवण, मग खांद्यांची. बाजूच्या शिवणी फक्त काखेजवळ चार बोटं उघडायच्या. शिवण हाताने थोडी ताणली की दोन कडांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. तो शिवणीचा धागा. दर दोन इंचांवर कापून तेवढाच ओढून काढावा. घाई करू नये. माझी उघडणी दोन दुपारी चालली.

भाग सुटे झाले की काखेच्या ओळीत, म्हणजे जिथे मुंढ्यासाठी टाके बंद करायला सुरुवात झाली आहे तिच्या खालच्या ओळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा प्रत्येक टाक्यातून ओवून घ्यावा. उसवताना वीण त्या दोऱ्यापाशी आपोआप थांबते. मग खांद्याच्या बंद कडेतलं टोक शोधायचं, सोडायचं आणि ओढत जायचं. शेवटची ओळ एकेक टाका सोडत, नेहमीपेक्षा बारीक सुईवर घ्यावी. टाका सुईवर बसताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. उलटा बसला तर तो पीळ पडून विणला जातो आणि त्या एका ओळीची रेघ कायम दिसत राहते.

उसवलेला धागा नागमोडी येतो. तसाच विणला तर वीण खडबडीत होते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात अर्धा तास ठेवावी आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवावी. खऱ्या लोकरीची लडी टांगून खाली हलकं वजन लावलं तर चालतं. ॲक्रिलिक ताणू नये. गोळाही सैल गुंडाळावा, घट्ट गोळ्यात धागा ताणलेलाच राहतो. तुटलेल्या टोकांना लोकरीत गाठ लागत नाही: दोन्ही टोकं ओली करून, एकमेकांवर ठेवून तळहातात जोरात चोळली की खवले अडकून ती एकजीव होतात. ॲक्रिलिकमध्ये ही सोय नाही, तिथे नवा धागा कडेलाच सुरू करावा म्हणजे टोकं शिवणीत लपतात.

जुना धागा पुन्हा वापरला तर तो कमजोर होतो का? हरियाणातल्या पानिपतला जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत केलं जातं आणि त्याची ब्लँकेटं होतात. मोठं आणि उपयोगी काम आहे ते. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून ते सूत कमजोर निघतं. हाताने उसवलेल्या धाग्याचे तंतू मूळ लांबीचेच राहतात. दुसऱ्या महायुद्धात कपडे रेशनवर आल्यावर ब्रिटनमध्ये जुने स्वेटर उसवून पुन्हा विणायला सरकारच सांगत होतं. आपल्या घरांत वाढत्या मुलांचे स्वेटर असे उसवून विणायला कुणी सांगावं लागलं नाही.

लडी वाळल्यानंतरची पायरी लोक टाळतात, आणि तिथेच काम फसतं. नमुना विणायचा. धुतलेल्या धाग्याचा चार इंची चौकोन विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मग मधल्या दोन इंचांत टाके आणि ओळी मोजाव्यात. आत्याच्या विणीत इंचाला 6 टाके आणि 8 ओळी होत्या. माझ्या हाताने, 10 नंबरच्या सुईवर, इंचाला साडेपाच टाके आले. एवढ्याशा फरकाने 84 टाक्यांची पाठ 14 ऐवजी सव्वापंधरा इंच झाली असती, म्हणजे सगळा खटाटोप पाण्यात. स्वयंपाकात जशी हाताची चव तशी विणकामात हाताची ओढ असते. कुणाची घट्ट, कुणाची सैल. ती बदलायला जाऊ नये, सुई बदलावी. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 11 म्हणजे 3. मी 11 घेतली आणि सहाला सहा जुळले.

हिशेब आता चौथीच्या गणितासारखा. पाठ काखेपाशी 20 इंच, 120 टाके. खांद्यापाशी 14 इंच हवेत, म्हणजे 84. दोन्ही बाजूंचे मिळून 36 जायला हवेत, एका बाजूचे 18. सुरुवातीला 6 टाके एकदम बंद केले आणि उरलेले 12 एका ओळीआड एकेक कमी केले, म्हणजे 24 ओळींत. मुंढ्याची खोली साडेसात इंच, 60 ओळी. उरलेल्या 36 ओळी सरळ. आत्याने एका बाजूचे फक्त 9 टाके कमी केले होते. खांदा ओघळण्याचं कारण तेवढंच. वर 84 टाक्यांतले मधले 36 गळ्याला आणि 24-24 खांद्यांना. खांद्याचे टाके एकदम बंद करू नयेत. बाहेरच्या कडेपासून 8-8 असे तीनदा बंद केले की उतार येतो. माणसाचा खांदा सपाट नसतो.

पुढचे भाग प्रत्येकी 57 टाक्यांचे. त्यातले 18 मुंढ्याला, 24 खांद्याला, आणि 15 गळ्याच्या गोलाईला. हे 15 आणि एक इंची बटणपट्टीचे अर्धे, म्हणजे 3, मिळून 18 होतात. पाठीच्या गळ्याच्या 36 चे बरोबर अर्धे. असा मेळ बसला की समजावं मांडणी बरोबर आहे. नाही बसला तर विणण्याआधी चूक शोधावी, कागदावरची चूक रबराने पुसता येते.

बाहीत माझा मोठा फायदा झाला. मुंढा बदलला की बाहीचा वरचा गोल भाग बदलावाच लागतो, म्हणजे बाही वरून उसवणं आलंच. मग तिथेच आणखी दोन इंच, 16 ओळी, उसवल्या आणि लांबीचं काम मनगटाला हात न लावता झालं. दंडाला 78 टाके राहिले, म्हणजे 13 इंच, मला पुरेसे. तिथून दोन्ही बाजूंना 6-6 बंद, राहिले 66. मग एका ओळीआड दोन्ही कडांना एकेक कमी, 18 वेळा, राहिले 30. पुढच्या चार ओळींच्या सुरुवातीला 4-4 बंद, राहिले 14, तेही बंद. शिवण्याआधी टेप कडेवरून वळवून दोन्ही मोजून घ्यावेत: बाहीच्या गोलाची एक बाजू नऊ इंच आणि मुंढ्याची एक बाजू साधारण तेवढीच आली. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक शिवणीत जिरतो. त्याहून जास्त असेल तर बाहीला चुण्या पडतात किंवा काख ओढते.

बटणपट्टीसाठी पुढच्या कडेवरून टाके उचलताना प्रत्येक ओळीतून उचलायचा मोह होतो. इंचाला 6 टाके आणि 8 ओळी, म्हणजे चार ओळींमागे तीन टाके उचलायचे. सगळे उचलले तर पट्टी लाटांसारखी हलते, कमी उचलले तर पुढचा भाग वर ओढला जातो. पट्टी अंगापेक्षा एक-दोन नंबर बारीक सुईवर विणावी, म्हणजे ती ताठ राहते. बायकांच्या कार्डिगनला काजं उजव्या बाजूला.

कार्डिगन हे नाव क्रिमियाच्या युद्धात (1853-56) घोडदळ घेऊन लढलेल्या कार्डिगनच्या सातव्या अर्लवरून आलं. त्याच युद्धातल्या लॉर्ड रॅग्लनचं नाव गळ्यापासून तिरकी येणाऱ्या रॅग्लन बाहीला मिळालं, आणि तिथल्या बालाक्लाव्हा गावाचं नाव आपल्या माकडटोपीला. आपल्या थंडीतल्या विणलेल्या कपड्यांची अर्धी पेटी एकाच युद्धातून आली आहे. रॅग्लन बाहीचा स्वेटर असेल तर माझा वरचा हिशेब लागू होत नाही, हेही सांगून ठेवते. तिथे खांद्याला शिवणच नसते आणि तिरक्या रेघेवरचे टाके पुन्हा मोजावे लागतात.

जुना धागा कमी पडला तर नागपूरला सीताबर्डी किंवा इतवारीला जाऊन तोच रंग शोधण्यात दिवस घालवू नये. एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा रंगसुद्धा वेगळ्या घाण्यात वेगळा उतरतो, आणि जुना धागा धुऊन-धुऊन फिका झालेला असतो. नवा धागा उघडपणे वेगळा दिसेल असा घ्यावा आणि बटणपट्टी, गळपट्टी त्याचीच करावी. माझा तर उलट उरला. खांदे लहान झाले तेवढा. तो गोळा कार्डिगनसोबत पेटीत ठेवला आहे, कोपर झिजलं तर लागेल.

शेवटी सगळा स्वेटर एकदा कोमट पाण्यातून काढून बाजेवर, सावलीत, आकारात पसरून वाळवला. रोज संध्याकाळचे दोन तास धरले तर तीन आठवडे लागले. काखेशी निरखून पाहिलं तर आत्याची वीण कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते मला दिसतं, इतर कुणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. खांद्याची शिवण आता हाडावर बसते.

तुमच्याकडे असा न बसणारा विणलेला स्वेटर असेल आणि तो विणणारी आई, आत्या, मावशी, सासूबाई आज असतील, तर उसवण्याआधी त्यांच्याशी बोला. सुई कितव्या नंबरची होती, टाके किती घातले होते, उरलेली लडी कुठे ठेवली आहे, हे विचारून वहीत लिहून घ्या. मी हे विचारायला उशीर केला.